महिनाभरात कादंबरीचा पहिला खर्डा: खेड्यातून लिहिणाऱ्यांसाठी तयारीचे टप्पे

तीस दिवसांत कादंबरीचा पहिला खर्डा लिहून काढायचा, ही कल्पना मूळची अमेरिकेतली. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात क्रिस बेटी आणि त्याच्या मित्रमंडळींनी, एकूण एकवीस जणांनी, १९९९ च्या जुलैत हा प्रयोग पहिल्यांदा केला. पुढच्या वर्षी त्यांनी तो नोव्हेंबरमध्ये नेला, कारण त्या दिवसांत तिकडची हवा इतकी वाईट असते की माणसाला घराबाहेर पडावेसे वाटत नाही. ५०,००० शब्दांचे उद्दिष्ट आणि त्यासाठी रोजचे १,६६७ शब्द हा हिशेब जगभर पसरला आणि नोव्हेंबर हा लेखनाचा महिना म्हणून ठरून गेला. ही चळवळ चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे आता नाव नोंदवायला कोठे जावे लागत नाही. आपला महिना, आपला आकडा आणि आपले नियम आपणच ठरवायचे असतात.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात, साडेपाच एकर कोरडवाहू शेती आणि पाच माणसांचे घर सांभाळून मी हा प्रयत्न तीन वेळा केला. पहिल्या वेळी नोव्हेंबरच धरला आणि तेराव्या दिवशी ९,४०० शब्दांवर थांबले. दुसऱ्या वेळी सतरा हजारांपर्यंत पोहोचले आणि त्यातले बरेचसे गमावले. तिसऱ्या वेळी ३१,२०० शब्दांचा खर्डा पूर्ण झाला. या तिसऱ्या वेळी माझे लेखन काही एकाएकी सुधारले नव्हते. लिहायला बसण्याआधीची तयारी तेवढी वेगळी होती, आणि ती येथे क्रमाने मांडते आहे.

१. आधी महिना निवडा

हा टप्पा मी सर्वांत वर ठेवला आहे, कारण येथे चूक झाली तर पुढचे कोणतेही टप्पे उपयोगी पडत नाहीत. अमेरिकेतल्या माणसाला नोव्हेंबर घरात कोंडतो, तर कापूस पिकवणाऱ्या घराला तोच महिना घराबाहेर काढतो. सोयाबीनची मळणी नुकतीच आटोपलेली असते, सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन वेचणीला सुरुवात झालेली असते, मजूर बाया मिळवण्यासाठी आदल्या रात्री घरोघर जावे लागते, आणि त्यातच बहुतेक वेळा दिवाळी किंवा तिच्यामागून येणारे पाहुणे असतात. आमच्याकडे संध्याकाळी वेचलेला कापूस तोलून प्रत्येकीच्या नावापुढे किलो मांडण्याचे काम माझ्याकडे आहे. पहिल्या प्रयत्नाची वही आज उघडली, तर सहाव्या प्रकरणाच्या मध्येच चौदा बायांची नावे आणि त्यांचे किलो सापडतात, कारण त्या दिवशी हाताशी दुसरा कागद नव्हता.

म्हणून एक कोरा कागद घ्यावा, त्यावर बारा महिने मांडावेत आणि प्रत्येक महिन्यासमोर आपल्या घरी त्या वेळी काय चालू असते ते प्रामाणिकपणे लिहावे. उत्तर प्रत्येक भागात वेगळे येईल.

कोरडवाहू कापूस आणि तूर असेल, तर जानेवारीत तूर निघते, कापसाच्या शेवटच्या वेचण्या उरकतात आणि फेब्रुवारी बराच मोकळा मिळतो. मात्र त्यासाठी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, वेळेवर उपटलेली असली पाहिजेत. फरदड ठेवण्याचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच पऱ्हाटी राखून आणखी कापूस घेण्याचा, मोह गुलाबी बोंडअळीमुळे टाळावा, असे कृषी विभाग सांगतोच. माझ्या मते कादंबरीसाठीही तो टाळलेला बरा. ओलिताची शेती असेल, तर फेब्रुवारीचा मोकळेपणा गृहीत धरू नये. कृषिपंपाची वीज अनेक ठिकाणी पाळीपाळीने दिवसा आणि रात्री येते, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात गव्हाला पाणी देऊन पहाटे परतलेला माणूस लिहू शकत नाही. घरी हरभरा असेल, तर त्याची सोंगणी फेब्रुवारीच्या शेवटाला किंवा मार्चमध्ये येते. वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदारांना मृग बहाराची तोडणी याच सुमारास असते.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात गणित आणखी वेगळे आहे. तेथे धानाची कापणी आणि मळणी संपते न संपते तोच गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, आणि झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. रात्रभर नाटक पाहून सकाळी लिहायला बसता येईल, असे स्वतःला सांगू नका, आणि नाटक पाहायचेच नाही असेही ठरवू नका, कारण तो नियम पहिल्या चार दिवसांतच मोडतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला जाणाऱ्या घरांची पहाट रानात जाते आणि मे महिन्यात तेंदूपत्ता असतो. अशांनी भाद्रपदाच्या आसपासचे दिवस तपासून पाहावेत. तेव्हा रोवणी आणि निंदण मागे पडलेले असते आणि कापणीला अवकाश असतो. मात्र पोळा, गणपती आणि महालक्ष्म्या यांचे दिवस आधीच वगळून ठेवावेत. घरी महालक्ष्म्या बसत असतील, तर ते तीन दिवस आणि त्यांच्या आधीचे किमान तीन दिवस लेखनाचे नाहीत हे मान्य करावे.

एप्रिल-मेबद्दल मी स्पष्टच सांगते. शेत रिकामे दिसते म्हणून दुसऱ्या वेळी मी हा काळ निवडला होता. लग्नसराई आणि दुपारचे ऊन यांनी मिळून दिवसाचे किती तास खाल्ले, याचा मला अंदाजच नव्हता. पत्र्याच्या छताखाली दुपारी एकाग्रता शक्य नाही, आणि रात्री सगळे घर अंगणात झोपत असल्यामुळे दिवा लावून बसणेही अवघड होते.

फेब्रुवारी निवडल्यास तो अठ्ठावीस दिवसांचा आहे हे लक्षात ठेवून महिना २ मार्चपर्यंत धरावा. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर परीक्षेचे वेळापत्रक पाहावे, आणि गावाजवळ महाशिवरात्रीची यात्रा भरत असेल तर तिची तारीखही पाहावी.

२. शब्दांचा आकडा मराठीच्या मापाने ठरवा

५०,००० हा आकडा इंग्रजीसाठी ठरलेला आहे. आपली भाषा प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिते. ‘त्याच्या घरासमोर’ हे आपण दोन शब्दांत लिहितो, त्याला इंग्रजीत पाच लागतात. त्यामुळे मराठीतले ५०,००० शब्द इंग्रजीतल्या तेवढ्याच शब्दांपेक्षा पुष्कळ जास्त मजकूर होतात. पहिल्यांदा लिहिणाऱ्याने ३०,००० शब्द धरावेत, असे माझे मत आहे, आणि ते कमीपणाचे अजिबात नाही.

हे ३०,००० शब्द तीस दिवसांत वाटू नका, पंचवीस दिवसांत वाटा. रोजचे १,२०० शब्द होतात आणि पाच दिवस हातात उरतात. त्यांपैकी चार मी आठवडी बाजाराच्या दिवसांसाठी ठेवले होते आणि एक अनपेक्षित कामासाठी. तो एक दिवस दुसऱ्याच आठवड्यात, धाकट्याच्या तापात, खर्च झाला. तो हिशेबात आधीच धरलेला असल्यामुळे मन खचले नाही. पहिल्या प्रयत्नात दोन दिवस बुडाल्यावर ‘उद्या साडेतीन हजार लिहीन’ असे ठरवले होते, आणि ते न जमल्यामुळेच लेखन सुटले होते. राहिलेले शब्द एका दिवसात भरून काढण्याचा प्रयत्न करू नका. पुढच्या पाच-सहा दिवसांवर ते थोडे थोडे पसरवा.

हाताने लिहिणाऱ्यांनी शब्द रोज मोजण्यात वेळ घालवू नये. आपल्या अक्षरातली तीन भरलेली पाने मोजून त्यांची सरासरी काढावी. माझ्या अक्षरात मोठ्या वहीच्या पानावर सुमारे १९० शब्द बसतात, म्हणजे रोजची साडेसहा पाने. पानांचा हिशेब डोळ्यांना दिसतो.

३. घरात सांगा, आणि वेळ ठरवून घ्या

पहिल्या दोन वेळी मी कोणालाही सांगितले नव्हते. लपून लिहिणाऱ्या माणसाला कोणीही हाक मारते आणि त्या माणसाला उठावेच लागते. तिसऱ्या वेळी मी जानेवारीतच यजमानांना आणि सासूबाईंना बसवून सांगितले की एक महिना पहाटे साडेचार ते सहा आणि रात्रीचा अर्धा तास मी उपलब्ध नसेन. सासूबाईंनी विचारले, “याचे पैसे भेटतात का?” नाही म्हटल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मंग महिन्यानं तरी सोडशीन ना?” महिन्याला शेवट आहे, हेच त्यांना पटण्याजोगे होते, आणि बहुतेक घरांत तेच पटते. म्हणून सांगताना सुरू होण्याची आणि संपण्याची, अशा दोन्ही तारखा सांगाव्यात.

मोबदल्यात काय द्याल हेही आधी ठरवा. मी जानेवारीच्या अखेरीस महिनाभराचे तिखट, हळद आणि डाळी करून ठेवल्या, तर नळ सोडण्याच्या वेळी पाणी भरण्याचे काम यजमानांनी घेतले. पुरुष लिहिणार असेल, तर त्यानेही असेच काही काम आधी उरकून ठेवावे. त्याच्या लेखनाच्या वेळी चहा करून देणारी व्यक्ती ही या व्यवस्थेचा भाग आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही एवढेच.

४. लिहिण्याचा ऐवज गोळा करा

संपूर्ण कथानक आधी बांधावे की नाही यावर लेखकांत मतभेद आहेत. माझ्या अनुभवाने सुरुवात, शेवट आणि मधल्या आठ-दहा घटना एकेका ओळीत लिहिलेल्या असल्या तरी पुरते. पण पुढच्या तीन गोष्टी मात्र आधी हव्यातच.

पहिली गोष्ट गावाचा नकाशा. कादंबरीतले गाव काल्पनिक असले तरी पार, शाळा, पाणंद, नाला आणि नायकाचे शेत कोठे आहे हे एका पानावर काढावे. नाही तर दहाव्या प्रकरणात नाल्याच्या अलीकडे असलेले शेत सतराव्यात पलीकडे जाते आणि पुराच्या प्रसंगाचा अर्थच उरत नाही.

दुसरी गोष्ट काळाचा तक्ता. प्रत्येक प्रकरण कोणत्या महिन्यात घडते आणि त्या महिन्यात शिवारात काय असते, ते शेजारी लिहावे. माझ्या पहिल्या खर्ड्यातल्या नायकाने मृगात कपाशी पेरली आणि पोळ्याला कापूस वेचून गाडी भरली. शेतात आयुष्य घालवलेल्या बाईच्या हातून ही चूक झाली, कारण घाईने लिहिताना कथेचा वेग डोळ्यांसमोर असतो आणि पीक नसते. शहरातला वाचक कदाचित हे सोडून देईल. आपल्या गावातला वाचक त्याच पानावर पुस्तक मिटेल.

तिसरी गोष्ट पात्रांची यादी, नाव, जन्मवर्ष, नाते आणि बोलण्याची लकब यांसह. नावांच्या बाबतीत एक इशारा आवश्यक आहे. खेड्यात चारशे घरे असतात आणि प्रत्येक जण स्वतःला ओळखतो. नाव बदलून भागत नाही, कारण पांगळा बैल, विकलेले शेत, सासरहून परतलेली मुलगी एवढ्यावरूनही घर ओळखू येते. आपल्या भागात लिहिणाऱ्या अनेकांना शेतकरी आत्महत्येवर लिहावेसे वाटते, आणि ते समजण्यासारखे आहे. पण शेजारच्या घरात घडलेला प्रसंग जसाच्या तसा उचलू नका. त्या घरातली मुले मोठी होऊन वाचणार आहेत. तीन-चार ठिकाणचे तपशील मिसळून नवे घर उभे करणे हे तयारीचेच काम आहे, आणि ते आधी केले नाही तर लेखनाच्या घाईत हात ओळखीच्या घराकडे वळतो.

५. बोलीचा निर्णय पहिल्या दिवसाआधी घ्या

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत, की सगळेच वऱ्हाडीत, की पूर्वेकडे राहत असाल तर झाडीबोलीत, हे महिना सुरू झाल्यावर ठरवू नये. मी पहिली वाट निवडली. दुसरी वाट अधिक धाडसाची आहे, पण रोजच्या १,२०० शब्दांच्या गतीत ती नवख्याला पेलणे अवघड वाटते.

निर्णय झाला की दोन पानांचा लेखनतक्ता करावा. वऱ्हाडीत ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’, ‘करून राह्यली’ ही रूपे तुम्ही कशी लिहिणार, आणि ‘ळ’ चा ‘य’ करणार का, म्हणजे ‘डोळा’ लिहिणार की ‘डोया’, हे त्यात नोंदवावे. सगळ्याच पात्रांच्या तोंडी ‘डोया’ घालू नये, असे मला वाटते. शाळेत शिकवणारा गुरुजी, त्याची आई आणि नागपूरहून सुटीला आलेला पुतण्या एकाच घरात तीन तऱ्हांनी बोलतात, आणि हा फरक तक्त्यात असला तर संवाद आपोआप वेगळे होतात.

फोनवर लिहिणाऱ्यांसाठी येथे मोठा सापळा आहे. कळफलकातली आपोआप दुरुस्ती बोलीचे शब्द गुपचूप प्रमाण करून टाकते, आणि बोलून टंकलेखन केल्यास ‘मले’ चे ‘मुले’ होते. दुरुस्तीची सोय बंद करावी आणि वारंवार लागणारे शब्द कळफलकाच्या वैयक्तिक शब्दकोशात भरून ठेवावेत. त्यात ‘पऱ्हाटी’ आणि ‘वऱ्हाड’ हे दोन्ही घालावेत, कारण त्यांतला ‘ऱ्ह’ अनेक कळफलकांवर सहजी उमटत नाही आणि प्रत्येक वेळी लय तुटते.

६. साहित्य जमवा

- दोनशे पानी मोठ्या दोन वह्या. एक खर्ड्यासाठी आणि दुसरी नकाशा, तक्ते व पात्रांसाठी. कापसाचा हिशेब दोन्हींत लिहू नये.
- एकाच प्रकारची सहा-सात पेने. दुकान तालुक्याला असेल तर ही संख्या महत्त्वाची ठरते.
- पाठ टेकून लिहिण्यासाठी चिमट्याची पाटी, म्हणजे परीक्षेचे पॅड.
- चार्ज होणारा दिवा. पहाटेच्या वेळी वीज असेल यावर विसंबू नये.
- भिंतीवरचे कॅलेंडर, त्यावर रोजचा आकडा लाल शाईने.
- फोनवर लिहिणार असाल, तर युनिकोड मराठी कळफलक आणि इंटरनेटशिवायही उघडणारे गुगल डॉक्स. शब्दसंख्या त्याच्या मेनूत दिसते.

गावातल्या सार्वजनिक वाचनालयात एक खुर्ची ठरवून घेता आली, तर उत्तमच. घरापेक्षा तेथे हाका कमी येतात.

यादीपेक्षा महत्त्वाची गोष्ट प्रत ठेवण्याची आहे. दुसऱ्या वेळी मी फोनवर लिहीत होते. फाईल फक्त फोनमध्ये होती, फोन पाण्याच्या टाक्यात पडला आणि सुमारे अकरा हजार शब्द गेले. आता मी वहीवर लिहिते आणि रात्री त्या दिवसाच्या पानांची छायाचित्रे काढून दोन वेगवेगळ्या फोनवर पाठवते. त्याला चार मिनिटे लागतात. फोनवर लिहिणाऱ्यांनी नेटवर्क मिळेल तेव्हा, किमान दोन दिवसांनी एकदा, फाईल वर चढली की नाही ते उघडून पाहावे. ‘आपोआप जतन होते’ यावर विश्वास ठेवू नये.

खर्डा पुढे तालुक्याच्या ठिकाणी टंकलेखनाला देणार असाल, तर पैसे ठरवण्याआधी ‘युनिकोडमध्ये करणार का’ हे विचारावे. माझी पहिली दोन प्रकरणे एका दुकानात जुन्या फाँटमध्ये टाईप झाली. तेथील संगणकावर ती सुंदर दिसत होती, आणि माझ्या फोनवर उघडली तेव्हा एकही अक्षर ओळखू येत नव्हते. नमुन्याचे एक पान आपल्या फोनवर मागवून पाहिल्याशिवाय पुढचे काम देऊ नये.

७. तीन दिवसांची रंगीत तालीम करा

महिना सुरू होण्याच्या दहा दिवस आधी सलग तीन दिवस ठरलेल्या वेळी उठून, ठरलेल्या जागी बसून लिहावे. विषय कादंबरीचा नको. आजोळचे घर, बैलबाजार, पहिली एस.टी. काहीही चालेल. दीड तासात किती शब्द होतात ते पाहावे. माझे ८०० झाले होते, त्यामुळे रात्रीचा अर्धा तास वाढवावा लागला. लिहिताना कोणती अडचण येते तेही कळते. माझ्या बाबतीत ती थंडी होती. जानेवारीच्या पहाटे ओसरीत बोटे वळत नव्हती, म्हणून जागा चुलीजवळ हलवली.

तालमीत ८०० ऐवजी ४०० च शब्द झाले, तर महिन्याचे उद्दिष्ट खाली आणावे, झोप कमी करू नये. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाची पाच तासांची झोप दहाव्या दिवशी हिशेब मागते.

८. आदल्या संध्याकाळी

नकाशा, काळाचा तक्ता आणि बोलीचा तक्ता वहीच्या आतल्या बाजूला चिकटवावे. पहिल्या दिवशी कोणता प्रसंग लिहायचा, हे दोन ओळींत लिहून ठेवावे, आणि जमल्यास पहिले वाक्यही, कारण पहाटे साडेचारला कोऱ्या पानासमोर बसून पहिले वाक्य शोधण्यात अर्धा तास सहज जातो. पुढे रोज उठताना पुढच्या प्रसंगाची एक ओळ वहीत टाकून मगच उठावे. मागची पाने महिनाभर वाचू नयेत. चूक आठवली तर समासात फुली मारून पुढे जावे.

दिवा चार्जिंगला लावावा, पेनातली शाई तपासावी, आणि घरातल्यांना उद्याची तारीख पुन्हा एकदा सांगावी. आमच्याकडे ३१ जानेवारीच्या रात्री सासूबाईंनी स्वतःच विचारले होते की उद्यापासूनच ना, आणि चुलीजवळचे पोते त्यांनीच बाजूला सरकवले.